बेसिलचं वाण आणि चीजचं पाणी

आमच्या खोऱ्यात माणसाची पत त्याच्या भोपळ्यावरून ठरते. इतर ठिकाणी ती घरावरून, गाडीवरून, जावयावरून ठरत असेल. एव्हन नदीच्या या काठाला जावई कसाही चालतो. ऑक्टोबरच्या जत्रेत तुमचा भोपळा उचलायला चार माणसं पुरली की यंत्र बोलवावं लागलं, यावर पुढचं वर्षभर लोक तुमचं बोलणं किती लक्ष देऊन ऐकणार ते ठरतं. नोव्हा स्कोशियात इतक्या टोकाला गेलेली माणसं दुसरीकडे नाहीत, असं बाहेरचे म्हणतात. आम्हाला त्यात नावं ठेवण्यासारखं काही दिसत नाही.

माझं शेतीच्या सामानाचं दुकान आहे. खत, पेंड, खिळे, फवारणीची औषधं. त्यामुळे कोणाच्या वेलीचं काय बिनसलंय ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं. पानांवर भुरी, म्हणजे पिठासारखी पांढरी बुरशी, पडली की माणूस दुकानात येऊन आधी हवेचं बोलतो, मग हॉकीचं बोलतो, आणि निघता निघता, जणू शेजाऱ्यासाठी नेतोय अशा आवाजात, बाटली मागतो. मी पण ती शेजाऱ्यासाठीच असल्यासारखी कागदात गुंडाळून देतो. धंदा असाच चालतो.

अर्डिथ सॅनफर्डने मात्र माझ्याकडून कधी बाटली नेली नाही. ही अर्डिथ पूर्वी शाळेची बस चालवायची. आज खोऱ्यात जे टक्कल पडलेले बाप्ये दिसतात ते सगळे तिच्या आरशात बघत मोठे झाले. अजूनही ती मान न वळवता नुसती नजर वर करते आणि समोरचा माणूस पाठ ताठ करून बसतो. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे, मरेकडे, राहायला आली. मरेचा गाईंचा गोठा आहे आणि तो चीज करतो. गोठ्यामागची जमीन त्यांच्या बापाची, बेसिलची भोपळ्याची जागा. शेणखत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. तिथे काठी रोवली तर तिलाही कळी येईल.

बेसिलने आयुष्यभर एक वाण सांभाळलं होतं. खांद्याला रुंद, सालीला जाड, आणि दिसायचं त्याहून काट्यावर जास्त भरायचं. भोपळेवाल्यांत बी वाटून घ्यायची रीत आहे, पण बेसिलकडे कोणी बी मागितलं की तो म्हणायचा, "मी मेल्यावर." मीही मागितलं होतं. मला तो म्हणाला, "मी मेल्यावर, आणि तेही बघू."

तो गेला तेव्हा बी गोठ्यातल्या फळीवर कॉफीच्या डब्यात होतं. आम्ही रीतीप्रमाणे महिनाभर थांबून मग विचारायला गेलो. उंदरांना रीत ठाऊक नसते. डब्यात टरफलं आणि लेंड्या होत्या, आणि तळाशी कुरतडलेल्या थोड्या बिया. अर्डिथने त्या सगळ्या भिजवल्या, उबेला ठेवल्या, वसंतात रोज उठून बघितल्या. त्यातली एकच उगवली.

तेव्हा त्या वर्षी अर्डिथपुढे प्रश्न जत्रेचा नव्हता. या एका वेलीच्या एका फळात बी भरलं तर बेसिलचं वाण राहणार होतं, नाही भरलं तर संपणार होतं. जुलैत तिने मादी कळी आदल्या संध्याकाळी बांधून ठेवली, सकाळी त्याच वेलीचं नर फूल तिच्यात फिरवलं आणि तोंड पुन्हा बांधून टाकलं, कारण रस्त्यापलीकडे लॉर्न रेडनचे वेल होते आणि मधमाश्यांना कुंपण कळत नाही. भोपळा धरला. कुत्र्याएवढा झाला, मग वासराएवढा. ऊन लागून साल कडक होऊ नये म्हणून आम्ही सगळे फळावर जुनी चादर टाकतो, तशी तिने बेसिलच्या पलंगावरची टाकली.

आता यातलं गणित असं असतं. पान रांधतं, फळ जेवतं, आणि बी सगळ्यांत शेवटी पंगतीला बसतं. पानं ऑगस्टात गेली तर फळ अर्धपोटी का होईना जेवलेलं असतं, बी मात्र उपाशी उठतं. फोडून बघावं तर नुसती चपटी टरफलं. आणि ऑगस्टात आमच्याकडे पानं जातात ती भुरीनेच. सकाळी समुद्रावरून धुकं, दुपारी कोरडी हवा. भुरीला याहून चांगलं माहेर नाही. आधी पानावर पिठाचं बोट लागल्यासारखा एक ठिपका येतो, आठवड्याने सगळं पान पिठात घोळल्यासारखं, आणि पंधरवड्याने कागद.

तसा ठिपका अर्डिथला दिसला त्या दिवशी ती दुकानात आली. लॉर्न आधीच फळीला टेकून उभा होता. लॉर्न म्हणजे सलग पाच जत्रांचा मानकरी. चालताना पोट असं पुढे ठेवतो की त्यालाही पहिल्या नंबराची निळी फीत लावावीशी वाटते.

"फवारणीचा पंप दे," अर्डिथ मला म्हणाली. "नवा. ज्यात कधी काही घातलेलं नाही असा."

"आणि बाटली?" मी विचारलं.

"बाटली नको. मरेच्या कुंपणाच्या आत औषध गेलं तर त्याच्या दुधाला सेंद्रिय कोण म्हणेल?"

"मग पंपात काय घालणार, पवित्र जल?" लॉर्नने विचारलं.

"चीजचं पाणी."

चीज काढल्यावर भांड्यात जे पिवळसर आंबट पाणी उरतं, ते मरे डुकरांना घालतो. लॉर्नने टोपी काढून छातीशी धरली.

"अगं, आपले आजे दूध पाजायचे भोपळ्याला," तो म्हणाला. "देठाला चीर देऊन वात बसवायची, वातीचं दुसरं टोक दुधाच्या बरणीत. आठवतं ना? भोपळा काही वाढायचा नाही, मुंग्या मात्र गलेलठ्ठ व्हायच्या."

"मी भोपळ्याला पाजत नाहीये. पानांवर मारणार आहे. रेडिओवर ती शेतकी खात्याची बाई सांगत होती, द्राक्षवाले करतात, काकडीवाले करतात. पाण्यात पातळ करून."

"पानांवर चीज जमलं की हाक मार. पाव मी आणतो."

अर्डिथने नजर वर केली. लॉर्नने टोपी डोक्यावर घातली.

रेडिओवरच्या त्या बाईने वेळेचंही काही सांगितलं असेल. पण ते ऐकायला कोणी थांबलं नाही, अर्डिथही नाही, कारण फवारणीची वेळ ही आमच्याकडे विचारायची गोष्ट नसते. ऊन उतरल्यावर फवारायचं. उन्हात औषध मारलं की पान करपतं. चमचा कुठल्या हातात धरायचा हे कळायच्या आधी आम्हाला हे कळलेलं असतं. तेव्हा अर्डिथही रोज संध्याकाळी, सूर्य टेकडीमागे गेला की पाठीवर पंप घेऊन निघायची.

पहिला परिणाम मांजरांवर झाला. गोठ्यातली सगळी मांजरं वेलीत येऊन बसली आणि पानं चाटू लागली. दुसरा परिणाम वासाचा. वारा पूर्वेचा असला की लॉर्नच्या घरी जेवताना खिडक्या लावून घेत. तिसरा परिणाम, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो काही दिसेना. भुरी सावकाश चालत होती, पण चालत होती. खालची पानं पांढरी झाली, मग त्यांच्या वरची.

पेंडीची पोती टाकायला मी मरेकडे गेलो तेव्हा अर्डिथ वेलीत गुडघ्यावर बसून खराब पानं कापत होती. मरे कुंपणाला टेकून उभा होता. मोठ्या बहिणीला काही सांगायचं असलं की तो आधी पायाने माती उकरतो.

"अर्डिथ, पुरे कर आता," तो म्हणाला. "आप्पांचं वाण गेलं तर गेलं. आप्पांनीच राखलं नाही नीट."

"झाकण नीट लागत नव्हतं त्या डब्याचं. दोनदा म्हणाले होते मला, दुसरा डबा आण. मी आणला नाही."

यावर मरेने माती उकरणंही थांबवलं.

तेवढ्यात लॉर्न रस्ता ओलांडून आला. हातात कागदात गुंडाळलेलं काही होतं, आणि तो कागद माझ्याच दुकानातला होता. आज त्याने विनोद केला नाही, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळलं.

"मरे, तू जरा गाई बघून ये," तो म्हणाला. मग अर्डिथला म्हणाला, "एकदाच मार. कोणाला कळणार नाही. बेसिल मला आवडत नव्हता, पण त्याचा भोपळा आवडायचा. तो जायला नको."

अर्डिथ त्या पुडक्याकडे बराच वेळ बघत राहिली. ती ते घेईल असं मला वाटलं. तिच्या जागी मी घेतलं असतं, आणि विकणारा मीच असल्यामुळे मला त्यात दुप्पट समाधान मिळालं असतं.

"कळणार कसं नाही?" शेवटी ती म्हणाली. "मला कळेल, तुला कळेल, हा दुकानदार इथे उभाच आहे. आणि गाई मरेच्या आहेत. परत ने, लॉर्न. पण आणलंस हे लक्षात ठेवीन."

त्या शनिवारी चर्चचं जेवण होतं. ऑगस्टातलं जेवण म्हणजे कोवळ्या भाज्या सायीत शिजवायच्या, वर ब्लूबेरीचा गोड रस्सा आणि त्यात वाफवलेले पिठाचे गोळे. ब्लूबेरी निवडण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळं अर्डिथच्या हाताखाली चालतं आणि ती तिथून संध्याकाळी हलू शकत नाही. म्हणून त्या दिवशी तिने पंप सकाळीच उचलला. सकाळ म्हणजे लख्ख, धुकं विरलेलं, ऊन पाठीवर टोचणारं. लॉर्नने रस्त्यापलीकडून ओरडून सांगितलं, की बाई, उन्हात पानं करपतील. तिने हात हलवला. वेलीच्या गोठ्याकडच्या अर्ध्या भागावर मारून होतंय तोवर तिला न्यायला गाडी आली. उरलेल्या अर्ध्यावर तिने रविवारी संध्याकाळी मारलं, नेहमीसारखं.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा पोती घेऊन गेलो. तिने मला हाताला धरून वेलीत नेलं. एरवी कोणाला ती वेलीच्या आसपास फिरकू देत नाही. आमच्या पायांवर तिचा विश्वास नाही.

"इथे उभा राहा. आता सांग, काय दिसतं?"

मला आधी काहीच दिसलं नाही. मग दिसलं. वेलीच्या मधोमध जणू कोणी दोरी ताणली होती. अलीकडची पानं पांढरी, भुरीने माखलेली. पलीकडची, गोठ्याकडची, हिरवी. जुने ठिपके होते, पण ते तपकिरी पडून सुकले होते, त्यांच्या कडा पसरलेल्या नव्हत्या. आणि शेंड्याकडची नवी पानं इतकी स्वच्छ की हात पुसायची लाज वाटावी.

"गोठ्याकडे शनिवारी सकाळी मारलं," ती म्हणाली. "इकडे रविवारी संध्याकाळी. पाणी तेच, पंप तोच, बाई तीच."

"म्हणजे उन्हाने?"

"आणि ही बघ." तिने फळावरची चादर जिथे पानांवरही पसरली होती तिथलं एक टोक उचललं. हा भाग गोठ्याकडचाच, सकाळीच फवारलेला. चादरीखालची दोन पानं पिठासारखी पांढरी होती. "इथे ऊन पोचत नाही. चीजचं पाणी ऊन लागल्याशिवाय कामालाच लागत नाही. मी रोज त्याला रात्रपाळीला पाठवत होते."

तिने चादर फळापुरती आवळून बांधली आणि दुसऱ्या दिवसापासून दर चांगल्या सकाळी, धुकं उठलं की, ऊन अंगावर घेत फवारू लागली. मी हे सगळं दुकानदाराच्या नजरेने बघत होतो, आणि दुकानदाराला दुसऱ्याच्या मालाचं कौतुक सहसा होत नाही. पण कौतुक झालं. डुकरांच्या डोणीत जाणारं पाणी, फुकटचं ऊन, आणि एका बाईचे दोन गुडघे. या तिन्हींतलं माझ्या फळीवर काहीही नव्हतं. पानाला हात लावला तर ते खरखरीत, जाड, जिवंत लागे. मांजरं कंटाळून परत गोठ्यात गेली. सकाळच्या उन्हात पाणी लगेच वाळे आणि चाटायला काही उरत नसे. वासही गेला, म्हणजे निदान लॉर्नने खिडक्या उघडल्या.

खिडक्या उघडल्या, पण त्यातून बघण्यासारखं त्याच्याकडे काही राहिलं नव्हतं. लॉर्न वर्षानुवर्षं एकच बाटली मारत आला होता आणि त्याच्या भुरीला आता तिची सवय झाली होती, जशी आम्हाला पाद्रीबुवांच्या प्रवचनाची. ऐकू येतं, फरक पडत नाही. सप्टेंबर लागला तेव्हा त्याच्या वेलीची पानं वाळून चुरगळत होती आणि त्याचा भोपळा होता तिथेच थांबला होता. तो दुकानात आला तेव्हा हवेचं बोलला नाही, हॉकीचंही नाही.

"तिचा अजून वाढतोय," तो म्हणाला. "काल मी रस्त्यावर उभा राहून बघितलं. सप्टेंबरात, आणि पानं अशी, जशी जूनमध्ये असतात. मी पाच वर्षांत अशी पानं बघितली नाहीत. माझीसुद्धा."

लॉर्नच्या तोंडून शेवटचे दोन शब्द निघायला किती श्रम पडले असतील याची मला कल्पना आहे.

सप्टेंबरच्या शेवटी तीन दिवस पाऊस लागला. खूप पाणी पिऊन भोपळा एकदम फुगतो आणि कधी कधी त्याची साल दगा देते. चौथ्या दिवशी मरेचा फोन आला, की ये, आणि येताना लॉर्नलाही आण. आम्ही गेलो. अर्डिथ भोपळ्याजवळ उभी होती. देठाच्या खांद्याशी एक चीर पडली होती, बोटाएवढी. आत ओल दिसत होती.

"जत्रा दहा दिवसांवर," लॉर्न म्हणाला. त्याने वाकून चीर बघितली, मग वास घेतला. या कामात त्याच्या नाकाइतकं खरं नाक खोऱ्यात नाही. "अजून आतपर्यंत गेली नाही. सुकवून, पुसून, वारा देत ठेवलास तर काट्यापर्यंत जाईल. आणि अर्डिथ, हा गेला तर जिंकेल. माझा याच्यापुढे भोपळी मिरची आहे."

"आणि दहा दिवसांत सड आत उतरली तर?"

सड उतरली तर बी आतच कुजतं, किंवा त्याला आतच मोड येतात. दोन्हींत वाण जातं.

"आज फोडला तर बी तयार असेल का?" मरेने विचारलं. "अजून थांबलं तर चांगलं भरेल ना?"

"पानं शेवटपर्यंत हिरवी होती," अर्डिथ म्हणाली. "जेवायचं ते जेवलेलं असेल. नसेल तर दहा दिवसांत काय मोठं जेवणार आहे?"

तिने मरेकडे करवत मागितली. लॉर्न म्हणाला, "थांब, एकदा काट्यावर तरी घालून बघू. कुठे लिहायचं नाही, आपलं आपल्याला कळावं."

"कळून काय करणार? रात्री झोप लागणार नाही तुला."

करवत लॉर्ननेच चालवली. बायका भोपळा कापताना तो नुसता बघत उभा राहू शकत नाही. साल खरोखर जाड होती, बेसिलची. अर्धा गोल कापून झाल्यावर त्याने आणि मरेने मिळून तो तुकडा ओढून काढला, आणि आतून थंड, गोडसर, ओल्या मातीसारखा वास आला. सडलेला नव्हता. अर्डिथने बाही वर सरकवून खांद्यापर्यंत हात आत घातला.

पहिली मूठ बाहेर आली ती धाग्यांची. त्यात चार-पाच बिया होत्या. तिने एक चिमटीत धरून दाबली. ती कागदासारखी दुमडली. पोकळ. दुसरी दाबली, तीही पोकळ. मरे पुन्हा माती उकरू लागला. लॉर्नने टोपी काढली, आणि या वेळी छातीशी धरली ती थट्टेने नव्हती.

"ही चिरेजवळची," अर्डिथ म्हणाली. आवाज बस चालवतानाचा होता. "सगळे खाली बसून राहा."

तिने पुन्हा हात घातला, आता दुसऱ्या बाजूला, खोल, गाल सालीला टेकेपर्यंत. हात बाहेर आला तेव्हा मूठ भरलेली होती. तिने एक बी दाबली. दुमडली नाही. नखाने कडा दाबली. तशीच राहिली. मग तिने ती माझ्या तळहातावर ठेवली. अंगठ्याएवढी, मधोमध फुगीर, आणि आकाराच्या मानाने जड. मी आयुष्यभर बी विकलं आहे, पण इतकं पोटभर जेवलेलं बी मी माझ्या पाकिटांत कधी भरलेलं नाही. लॉर्नने ती माझ्या हातातून घेतली, उजेडात धरली आणि परत दिली.

बादली भरली. अर्डिथने बिया गोठ्याच्या नळाखाली धुतल्या, धागे काढले, आणि खिडकीच्या जाळीवर एकेक सुटी पसरली. मरेने भोपळ्याचा उरलेला गर गाईंना घातला. दोन माणसांनी मिळून उचलावी लागेल अशी एकेक फोड होती. लॉर्न घरी जायचं नाव घेईना. शेवटी त्याने विचारलं, पण कोणाकडे न बघता.

"यातली एखादी मिळेल का?"

"सगळ्यांना देणार आहे," अर्डिथ म्हणाली. "एका घरात राहू द्यायचं नाही आता. पण आधी सांग, ठेवणार कुठे?"

"कुठे म्हणजे? घरात."

"घरात कुठे, लॉर्न?"

लॉर्नने मान वर केली आणि तिच्या नजरेला नजर मिळताच पाठ ताठ केली. "स्वयंपाकघरात कपाट आहे. वरच्या फळीवर. म्हणजे बायकोला विचारून सांगतो."

"मग तुझ्या बायकोलाच पाठव. तिच्याच हातात देईन."

लॉर्न रस्ता ओलांडून गेला, आणि थोड्या वेळाने त्याची बायको ओले हात एप्रनला पुसत आली. तिने कपाट, फळी, बरणी आणि बरणीचं झाकण, सगळं नीट सांगितलं. अर्डिथने ऐकून घेतलं आणि जाळीवरच्या सगळ्यांत मोठ्या तीन बिया निवडून तिला दिल्या.